तीन चाळीसचा प्रश्न

१

रोज दुपारी तीन वाजून अडतीस मिनिटं झाली की ताई खुर्चीवरून उठायच्या. वाचायचा चष्मा डोक्यावर सरकवायच्या, पदर नाहीतर ओढणी सारखी करायच्या आणि मजल्याच्या पार दुसऱ्या टोकाला असलेल्या मागच्या खोलीकडे चालू लागायच्या. ताई उठल्या की लोक घड्याळं लावतात, अशी ऑफिसात जुनी थट्टा होती. एकदोघांनी खरंच लावलीही होती.

कंपनी सॉफ्टवेअरची. शहरात धावणाऱ्या सगळ्या बसगाड्यांचा हिशेब तिच्याकडे. मागच्या खोलीतलं जुनं यंत्र त्यातलं एकच काम करायचं. दुसऱ्या दिवशी कुठली गाडी कुठल्या आगारातून किती वाजता सुटणार आणि कोण चालवणार, याचं वेळापत्रक काढायचं. तीन चाळीसला त्याच्या काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत एक ओळ उमटायची. ताई 'हो'ची कळ दाबायच्या. शेजारचा प्रिंटर खाकरायचा आणि कागद बाहेर टाकायला लागायचा. ताई परत येऊन चहा प्यायच्या. झालं काम.

दोन कळांवर ताईंनीच कधीतरी 'हो' आणि 'नाही' अशा चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. 'हो'ची चिठ्ठी बोटाने घासून घासून केव्हाच पुसली गेली होती. 'नाही'ची कोरी करकरीत होती.

एकवीस वर्षं हे असंच चाललं होतं. एवढ्या अनुभवी बाईने रोज एक कळ दाबायला जायचं, हे बघून नव्या मंडळींना हसू यायचं. ताईही हसायच्या. पण ते बदलायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. चालत्या यंत्राला हात लावायचा नाही हा या धंद्यातला पहिला नियम आहे, आणि ते का चालतंय हेच कळत नसेल तर मुळीच लावायचा नाही.

मग ऑफिसात जावई आले.

म्हणजे आला तो एक प्रोग्रॅमच. माणसांची कामं बघायची, शिकायची आणि करून टाकायची, यासाठी वरच्यांनी आणलेला. पण त्याला काय हवं-नको ते बघायला सगळं ऑफिस असं काही धावत सुटलं, की ताईंच्या शेजारी बसणारी चिमणी म्हणाली, हे यंत्र नाही, हे जावईच आलेत घरी. चिमणी म्हणजे एक सडसडीत, अखंड बोलणारी बाई. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणं हे तिचं काम. तिने ठेवलेलं नाव चिकटलं. तेव्हापासून सगळे त्याला जावईबापू म्हणायला लागले, आणि बोलताना अहो-जाहोच करायला लागले.

थट्टा महिनाभर टिकली. मग एकेक टेबल रिकामं व्हायला लागलं. घरोघरी एकच विषय होता, यंत्र आपल्या नोकऱ्या खाणार की नाही. खाणार नाही म्हणणारे ठामपणे बोलायचे आणि रात्री झोपायचे नाहीत. चिमणीचं टेबल पाचव्या आठवड्यात गेलं. जाताना तिने आपलं कुंडीतलं झाड ताईंच्या टेबलावर ठेवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा काही बोलली नाही.

२

ताईंची पाळी आली तेव्हा साहेबांनी त्यांना स्वतः केबिनमध्ये बोलावलं. साहेब ताईंपेक्षा बारा वर्षांनी लहान. कामाला लागले तेव्हा त्यांना पहिले धडे ताईंनीच दिले होते. त्यामुळे त्यांचा आवाज नेहमीपेक्षा जास्त गोड होता, आणि ताई काय ते समजल्या. रोज जी जी कामं करता ती लिहून काढा, साहेब म्हणाले, आणि एकेक जावईबापूंना शिकवा.

चौसष्ट कामं निघाली. जावईबापूंनी अकरा दिवसांत त्रेसष्ट उचलली. ताई समजावून सांगायच्या, ते टेबलावरच्या छोट्या स्पीकरमधून "कळलं" म्हणायचे, आणि खरंच कळलेलं असायचं. एकवीस वर्षांची कमाई अशी भराभर कुणाच्या तरी घशाखाली उतरताना बघणं काही सोपं नव्हतं. ताईंनी ओठ आवळून धरले. त्यांना ही नोकरी हवी होती. त्या त्रेपन्न वर्षांच्या होत्या, लेक सासरी सुखात होती, आणि सकाळी उठून जायला एक जागा असावी, एवढंच त्यांना वाटत होतं.

शेवटचं काम उरलं तीन चाळीसचं.

"पडद्यावर नेमके कुठले शब्द येतात?" जावईबापूंनी विचारलं.

पुढे जायचं का, असं काहीतरी येतं, ताई म्हणाल्या.

"असं काहीतरी चालणार नाही. नेमके शब्द सांगा."

ताईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला ते माहीत नाही. पडद्यावर प्रश्न आला की माणूस 'हो' दाबतो. वाचत कोण बसतं? दिवसभर अशा प्रश्नांना हो म्हणण्यातच जन्म गेला. त्यात खोलीत शिरताना चष्मा डोक्यावर. हिरवी धूसर ओळ दिसली की बोट आपोआप जायचं.

त्या दुपारी त्या खोलीत गेल्या आणि चष्मा डोळ्यांवर घेतला. खोली तशी कोंदट, बिनखिडकीची. भिंतीला एक ट्यूबलाइट, यंत्राच्या पोटात फिरणारा पंखा आणि त्याची न थांबणारी घरघर. दाराच्या वरच्या भागात वीतभर काच. तीन चाळीस झाले. पंख्याची घरघर एकदम खाली गेली, कुणीतरी बोलण्यापूर्वी श्वास धरावा तशी. हे एवढी वर्षं होत होतं का, ते ताईंना आठवेना. मग ओळ उमटली.

*उद्या पाहिजे का?*

ताईंनी ती तीनदा वाचली. मग त्यांनी 'हो' दाबलं. तेवढं मात्र त्यांनी घाईने केलं.

३

ताईंच्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावण्यात त्याची तीस वर्षं गेली होती. बायकोने एकवीस वर्षं समोरची ओळ वाचली नाही हे ऐकून तो पोट धरून हसला. मग डोळे पुसून म्हणाला, अगं, ज्याने लिहिलं त्याला लांबलचक लिहायचा कंटाळा असेल. उद्याचं वेळापत्रक पाहिजे का, असं म्हणायचं असेल बिचाऱ्याला.

ते पटण्यासारखं होतं. ताईंनाही तेच वाटलं होतं. दोघं जेवली आणि विषय संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावईबापू म्हणाले, "ताई, ही ओळ प्रोग्रॅममध्ये नाही."

कुठेतरी असेल, नीट बघा, असं ताईंनी सांगितलं. नीट बघितलंय, ते म्हणाले. जुन्या यंत्रातली सगळी फाईल न् फाईल वाचून झाली होती. त्या प्रोग्रॅममध्ये प्रश्न विचारायची सोयच नव्हती. तीन चाळीस झाले की तो वेळापत्रक काढतो आणि छापतो. त्याला कुणाच्या हो-नाहीची गरज नव्हती, आणि कधी नव्हतीही.

साहेबांना हे कळलं तसे ते दुपारी ताईंबरोबर मागच्या खोलीत आले. तीन चाळीस झाले. पंखा त्याच आवाजात घरघरत राहिला. ओळ आली नाही. प्रिंटर खाकरला आणि कागद निघायला लागले. कळांना कुणी हात लावला नव्हता.

साहेब कागदांकडे बघत राहिले. हसले नाहीत, त्याचंच ताईंना जास्त लागलं. ते फक्त एवढंच म्हणाले, की ताई, बरीच वर्षं झाली, होतं असं. आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा की नाही ते न कळून त्यांनी तो हात खिशात घातला.

संध्याकाळी ताईंनी चिमणीला फोन केला. लेकीच्या बाळंतपणाला ताई तीन आठवडे रजेवर गेल्या होत्या, तेव्हा तीन चाळीसचं काम चिमणीकडे होतं. तुला काय विचारायचं ते यंत्र, असं ताईंनी विचारलं.

"काहीच विचारायचं नाही," चिमणी म्हणाली. "आपोआप छापलं जायचं. तुम्हाला सांगितलं नाही मी. म्हटलं, तुम्ही रोज एवढ्या वेळेवर उठून जाता, उगाच वाईट वाटेल."

४

म्हणजे प्रश्न फक्त ताई एकट्या असल्या तरच यायचा.

याचा सरळ अर्थ एकच होता, आणि ताईंनी तो स्वतःला न कचरता सांगून बघितला. आपलं डोकं फिरलंय. पण डोकं फिरलेल्या बाईने त्रेसष्ट कामं अकरा दिवसांत बिनचूक शिकवली नसती. त्या सगळ्या बाजूंनी विचार करणाऱ्या होत्या, धंदाच तो. मग हा कुणाचा तरी चावटपणा असेल. पण एकवीस वर्षं चावटपणा करायला कुणाला फुरसत आहे? आणि ज्यांना होती ते सगळे घरी बसले होते.

पुढच्या दुपारी त्या एकट्या गेल्या. जावईबापू आता वायरीने जुन्या यंत्राला जोडलेले होते, आणि त्यांचा छोटा स्पीकर तिथेच टेबलावर होता. तसं म्हटलं तर सोबत होती. पंख्याचा आवाज खाली गेला.

*ताई, उद्या पाहिजे का?*

ताईंनी चष्मा काढून पुन्हा लावला. ऑफिसात सगळे त्यांना ताई म्हणायचे. यंत्र मात्र त्या रुजू होण्यापूर्वीचं होतं.

"जावईबापू, हे तुम्ही लिहिलंत का?"

"नाही."

"पण तुम्हाला दिसतंय?"

"दिसतंय. पण हा प्रश्न मला विचारलेला नाही."

ताईंनी विचारलं, की आपण नाही म्हटलं तर काय होईल. जावईबापू कधी थांबत नसत, प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर तयार असायचं. या वेळी ते थांबले.

"ते मला सांगता येणार नाही. तुम्ही कधी नाही म्हटलेलं नाही."

ताईंनी 'हो' दाबलं.

५

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते ताईच जाणोत. सकाळी त्यांची बुद्धी ठिकाणावर असायची. रजेच्या तीन आठवड्यांत आपण कुठे हो म्हणत होतो, आणि तरी रोज उजाडत होतंच की, असं त्या स्वतःला समजवायच्या. हिशेब चोख होता. दुपारी साडेतीनला तो हिशेब कामाला यायचा नाही. एकदा अंगात सणकून ताप होता. नवऱ्याने फोन लपवला, चप्पल लपवली, तरी त्या गेल्या.

त्या रात्री तो पहिल्यांदा चिडला. म्हणाला, "मग म्हणून टाक एकदा नाही. बघू तरी काय होतंय."

"तुम्ही म्हणाल?" ताईंनी विचारलं.

त्याने बराच वेळ चष्म्याची काच पुसली. मग प्रामाणिकपणे सांगितलं, की मला विचारलं असतं तर मीही होच म्हटलं असतं.

निरोपाचा दिवस ठरला होता. महिनाअखेरचा गुरुवार. आता ताईंची भीती उलटी झाली होती. नोकरी जाईल याचं दुःख कुठल्या कुठे गेलं. आपण गेल्यावर हो कोण म्हणणार, हीच काळजी त्यांना पोखरायला लागली. त्या साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या आणि मला तेवढ्यापुरतं येऊ द्या, असं म्हणाल्या. रोज अर्धा तास. टेबल नको, खुर्ची नको, काही नको. साहेबांच्या डोळ्यांत दया दाटून आली. ती बघून ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि त्या पुढचं वाक्य गिळून बाहेर आल्या.

६

गुरुवारी पुष्पगुच्छ झाला, दोन शब्द झाले. उरलीसुरली सातआठ माणसं अवघडून उभी राहिली. तीन अडतीसला ताई सवयीने उठल्या आणि कुणी अडवलं नाही.

मागच्या खोलीचं दार त्यांनी लावून घेतलं. बसल्या. चष्मा डोळ्यांवर होता. तीन चाळीसला पंखा नुसता मंदावला नाही, थांबला. एवढ्या वर्षांत ती खोली अशी गप्प कधी झाली नव्हती. आपल्या नाकातून येणारा-जाणारा श्वासही ताईंना ऐकू यायला लागला.

*ताई, उद्या पाहिजे का?*

त्यांनी बोट उचललं. ते कळेपर्यंत गेलं आणि पुढे जाईना. हो म्हणावं तर परवाचं काय? उद्या त्या इथे नसणार. एका दिवसाचं हो घेऊन कुणाचं काय भागणार? आणि नाही म्हणायची छाती कुणाची होती? एक्केचाळीस झाले. बेचाळीस झाले. बोट हवेत तसंच होतं. एकवीस वर्षं आपण कुणाला काय कबूल करत आलो, हा विचार त्यांच्या मनात नीट आकार घ्यायला लागला, आणि त्यांनी तो घेऊ दिला नाही.

"ताई," जावईबापू हलक्या आवाजात म्हणाले, "तुम्ही बाहेर थांबा. मी बघतो."

"तुम्हाला विचारलेलं नाही म्हणाला होतात."

"आता विचारलंय."

ताईंनी पडद्याकडे बघितलं. ओळ तीच होती, पण सुरुवातीचं 'ताई' पुसलं गेलं होतं. त्या मोकळ्या जागेत एकेक अक्षर नव्याने उमटायला लागलं होतं. जावईबापूंचं खरं नाव काय ते ऑफिसात कुणालाच ठाऊक नव्हतं. ताईंनाही ते कळून घ्यायचं नव्हतं. त्या खुर्ची मागे ढकलून उठल्या, बाहेर आल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

त्या दारापाशीच उभ्या राहिल्या. काचेतून आतलं दिसत होतं. रिकामी खुर्ची, टेबल, हिरवट उजेड. जावईबापूंना उत्तर द्यायचं तर ते वायरीतून देणार, त्यांना कळ लागत नव्हती आणि बोटही नव्हतं. पण 'हो'ची कळ खाली गेली. सावकाश, आणि खाली गेली ती तशीच राहिली, कुणीतरी बोट रोवून ठेवावं तशी. त्याच क्षणी ताईंच्या उजव्या हाताच्या बोटाचं टोक दाबलं गेलं. बाहेर, दारापाशी, हवेत. पलीकडून कुणीतरी आपलं बोट त्यावर टेकवलं होतं.

किती वेळ, ते त्यांना सांगता आलं नसतं. मग तो दाब गेला. कळ वर आली, पंखा घरघरायला लागला, प्रिंटर खाकरला.

ताईंनी बोट निरखून बघितलं. ते त्यांचंच होतं. पर्स घेऊन, पुष्पगुच्छ विसरून त्या जिना उतरल्या. बाहेर लख्ख ऊन होतं, आणि लोक नेहमीसारखेच एकमेकांना धक्के देत चालले होते.

७

शुक्रवारी उजाडलं. ताई डोळे उघडून छताकडे बघत होत्या, तेवढ्यात खालच्या रस्त्याने सहा पाचची बस गेली. शनिवारी गेली. रविवारीही गेली. सोमवारी सकाळी त्यांचा जीव जो भांड्यात पडला, तो पुढे पडलेलाच राहिला.

नोकरी गेलेल्या बाईने एवढं खूश असू नये, असं शेजारपाजारचं मत होतं. ताई दुकानात बसायला लागल्या. भिंतीवरच्या अक्षरांकडे बोट दाखवून गिऱ्हाइकाला म्हणायच्या, वाचा, घाई करू नका, शेवटपर्यंत वाचा. स्वतः तर त्या आता सगळंच वाचायच्या. औषधाच्या बाटलीवरचं बारीक, पावतीमागचं त्याहून बारीक. बँकेतून आलेल्या एका मुलीने कुठेतरी सही मागितली, तेव्हा तिला पाऊण तास बसवून ठेवलं. नवरा म्हणायचा, आता तुझ्याकडून हो म्हणवून घेणं म्हणजे कर्मकठीण. ताई खुदकन हसायच्या. दुपारचे तीन चाळीस कधी वाजून गेले, ते त्यांना अलीकडे कळतही नसे.

दीड महिन्याने, एका दुपारी, दुकानात फोन वाजला. साहेब होते.

इकडचं तिकडचं न बोलता त्यांनी थेट सुरुवात केली. जावईबापू तीन चाळीसला थांबायला लागले होते. आधी एक मिनिट, मग बारा, आता तास तास. सगळी कामं त्यांच्याकडे, त्यामुळे तेवढा वेळ सगळं ऑफिस ठप्प. काय झालं म्हणून विचारलं की एकच उत्तर मिळायचं, विचार करतोय. वरच्यांनी फैलावर घेतलं होतं. तज्ज्ञ येऊन गेले, त्यांना काही सापडलं नाही.

"ताई, उद्यापासून याल का?" साहेब म्हणाले. "फक्त तेवढ्यापुरतं. तुम्हीच म्हणाला होतात."

ताईंनी त्यांना प्रश्न परत विचारायला लावला. शेवटपर्यंत ऐकला. आणि म्हणाल्या, "नाही."

म्हणून झाल्यावर त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. काही झालं नाही. नवरा एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या नाकावर फ्रेम बसवत होता, ती बसली.

फोनवर साहेबांचा श्वास ऐकू येत होता. त्याच्यामागे काहीच आवाज नव्हता, आणि ती शांतता ताईंना ओळखीची वाटली.

"साहेब, तुम्ही कुठे बसलाय?"

"मागच्या खोलीत." त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता. "एकटाच आहे. ताई, माझं नाव आलंय इथे. ऑफिसातलं नाही. आई मला ज्या नावाने हाक मारायची, ते. आई गेल्यापासून कुणी हाक मारली नाही त्या नावाने. मी काय दाबू?"

ताई उभ्या राहिल्या. भीती वाटायला हवी होती, पण त्यांना आला तो राग, शुद्ध राग. पहिल्या दिवशी घाबरून त्यांच्याच शेजारी बसलेला पोरगा होता तो.

"काही दाबू नका," त्या म्हणाल्या. "'हो' नको, 'नाही'ही नको. उठा. फोन कानाला ठेवा आणि उठा."

"पण मग उद्या..."

"उद्याचं आपण बघू. उठा आधी."

खुर्ची करकरली. पावलं वाजली, थांबली. ताई बोलत राहिल्या, काय बोलत होत्या ते नंतर त्यांना आठवलं नाही. पावलं पुन्हा वाजली. दार लागल्याचा आवाज आला. आणि मग साहेब, एवढे मोठे साहेब, फोनवर हुंदके देऊन रडायला लागले.

८

त्या दिवशी कुणीही हो म्हटलं नाही. प्रश्न पडद्यावर तसाच अडकून राहिला, म्हणून प्रिंटर खाकरला नाही आणि वेळापत्रक निघालं नाही. साहेब दाराला कुलूप घालून घरी गेले.

ताईंनी नवऱ्याला सगळं सांगितलं. मग त्याने रोजच्यासारखा सकाळचा गजर लावला, आणि त्याने तो लावला हे ताईंना फार बरं वाटलं. त्या त्याच्या कुशीत शिरल्या आणि झोपणार नाही असं ठरवता ठरवता झोपल्या.

फोनने जाग आली. खोलीत काळोख होता. गजर झाला नव्हता. ताई तशाच पडून राहिल्या, खिडकीकडे बघायचा त्यांना धीर होईना. फोन वाजतच होता. शेवटी त्यांनी हात लांब केला.

"ताई," साहेब म्हणाले, "तुमच्याकडे उजाडलं का?"

ताईंनी मान वळवली. पडद्याच्या फटीतून राखाडी रंगाची एक रेघ भिंतीवर उतरली होती. त्यांच्या डोळ्यांदेखत ती पिवळी झाली. खालून, सहा पाचची बस सहा अकराला, खडखडत गेली. नवं वेळापत्रक नाही म्हणून ड्रायव्हरांनी आदल्या दिवशीचंच चालवायला घेतलं होतं.

"उजाडलं, साहेब," ताई म्हणाल्या. "तुमच्याकडे?"

"आमच्याकडेही."

दोघंही हसायला लागले. कितीतरी वेळ हसले. नवरा जागा होऊन काय झालं म्हणून विचारत राहिला. मग हसू ओसरलं आणि ताईंनी विचारलं,

"आणि जावईबापू?"

"त्यांचा विचार चालूच आहे," साहेब म्हणाले.

ताईंनी फोन ठेवला. उठून त्यांनी पडदा पुरता बाजूला सारला आणि चहा टाकायला गेल्या.